ओळीनंतरची मोकळी जागा

१

दुपारी जेवण झालं की मी ब्लूज ऐकतो, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं जुनं गाणं. दोन ते तीन, बैठकीच्या खोलीत, दार लोटून. यावर गावाला जे हसायचं ते हसून झालं आहे. "हिंगोलीत राहून ही कसली थेरं, भागवतराव?" असं एका माजी सभापतींनी मला बसस्टँडवर चारचौघांत विचारलं. मी त्यांना विचारलं, तुमच्या पोराच्या वरातीत जो डीजे लावला होता, ज्याच्या दणक्यानं शेजारच्या म्हातारीला दवाखान्यात हलवावं लागलं, तो काय आपल्या पणजोबांनी कयाधू नदीच्या काठी बसून रचला होता? त्यांनी विषय बदलला. पस्तीस वर्षं बातमीदारी केल्यावर माणसाला एवढं तरी यायला हवं.

हे संगीत मला व्यंकटराव सरांनी दिलं. आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे, आता ब्याऐंशीचे आहेत आणि आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांचे कान गेले. यंत्र लावलं की बोलणं कळतं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखं लागतं, म्हणाले. गेल्या चैत्रात त्यांनी आपला रेकॉर्ड प्लेअर, दोन लाकडी स्पीकर आणि चौदा तबकड्या ऑटोत घालून माझ्याकडे पाठवल्या. सोबत चिठ्ठी: 'माझे कान संपले. तुझे आहेत तोवर वापर.'

पहिले तीन दिवस मला काडीचं कळलं नाही. चौथ्या दिवशी मी भांडायला गेलो.

"सर, हा माणूस एक ओळ म्हणतो. मग तीच ओळ परत म्हणतो. मग तिसरी वेगळी. पुढच्या कडव्यात पुन्हा तोच प्रकार. याला कोणी संपादक नव्हता का?"

सर मनापासून हसले. "भागवत, तुझी आई जात्यावर गायची ना? ओळ म्हटली की थांबायची की नाही?"

"थांबायची. दम घ्यायला."

"दम घ्यायला नाही रे. समोर बसलेल्या बाईनं ती ओळ उचलावी म्हणून. या माणसासमोर कोणी बसलेलं नाही, म्हणून त्याची गिटार ओळ उचलते. तू गाणाऱ्याच्या मागं लागू नकोस. तो थांबल्यावर काय होतं तिकडे कान दे. ओळीनंतर जी मोकळी जागा असते ना, ब्लूज तिथं राहतं."

आणि काही तबकड्यांवर जॅझ होतं, चार-पाच वाद्यांचं; त्यासाठी त्यांनी वेगळी युक्ती सांगितली. "मोर्च्यात तू काय करायचास? गर्दीकडे बघून बातमी मिळते का? एक माणूस धरायचास आणि त्याच्या मागं फिरायचास. तसंच कर. पाच जण वाजवत असतील तर आज एकालाच धर. उद्या दुसरा."

मी तसं केलं. पहिल्या दिवशी बास, म्हणजे ते माणसाएवढं उंच तंतुवाद्य, वाजवणारा धरला. त्याला कोणी टाळ्या देत नाही, पण तो सगळ्यांच्या पायाखाली जमीन अंथरत चाललेला असतो. दुसऱ्या दिवशी ढोलवाला. तिसऱ्या दिवशी पियानोवाला, जो दुसऱ्याचं वाक्य कधीच तोडत नाही. पाच दिवसांनी पाचही जण एकदम ऐकले आणि मी खुर्चीत ताठ बसलो. पाच माणसं एकाच वेळी बोलत होती आणि प्रत्येक जण बाकीच्या चौघांचं ऐकत होता. आयुष्यभर मी जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभा ऐकल्या. असं काही जगात होऊ शकतं याची मला कल्पना नव्हती.

२

चौदापैकी एका तबकडीला मूळचं वेष्टन नव्हतं. खाकी कागदावर सरांच्या अक्षरात एवढंच होतं: 'म्हातारा. एकटा. गिटार.' मधलं लेबल घासून गेलेलं. सरांनी ती साठ साली हैदराबादला जुन्या बाजारात घेतली होती आणि ती त्याच्याही बरीच आधीची होती. गाणाऱ्याचं नाव त्यांना कधी कळलं नाही.

ती माझी झाली. बाकीच्या तेरा मी मान देऊन ऐकतो, हिच्याकडे मात्र जातो. म्हाताऱ्याचा आवाज चिरकलेला आहे, दात बहुतेक नसावेत, पण तो ओळ टाकतो तेव्हा ती खोट्या साक्षीदाराची ओळ वाटत नाही. शब्द मला निम्मे कळतात. जे झालं ते झालं असं तो सांगतो, एकदा सांगतो, पुन्हा सांगतो, आणि थांबतो. मग गिटार एखाद्या मोठ्या माणसासारखी, घाई न करता, उत्तर देते.

एप्रिलच्या एकवीस तारखेला, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, पहिल्या ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत गिटारीबरोबर आणखी काहीतरी वाजलं. हलकंच. दोन वस्तू एकमेकींवर घासल्यासारखं.

मी लक्ष दिलं नाही. जुनी तबकडी आहे, खरखर असायचीच. पण स्वयंपाकघरातून आमच्या मंडळी, नर्मदाबाई, हात पुसत बाहेर आल्या.

"कोण आलंय?"

"कोणी नाही."

"बांगड्या वाजल्या की बाईच्या."

"गाण्यात वाजलं असेल."

"त्या गोऱ्याच्या गाण्यात?"

"तो गोरा नाही. काळा आहे."

"कोण का असंना. बांगड्या घालून गाऊन राहिला का त्यो?" असं म्हणून तिनं दार उघडून अंगणात पाहिलं. उन्हात कोणी नव्हतं. आत जाताना म्हणाली, "काचेच्या न्हाईत पण. तांड्यावरच्या बाया घालतात न्हाई का, पांढऱ्या, कोपराच्या वरपर्यंत. तशा वाजल्या."

३

आमच्या धंद्यात एक नियम होता. एकानं सांगितलं तर अफवा, दोघांनी सांगितलं तर बातमी, आणि तिसऱ्यानं घाईघाईनं नाकारलं तर पहिलं पान. मी पडताळणी सुरू केली.

तबकडी ओल्या मऊ फडक्यानं पुसली. आवाज होता. सुई बदलली. होता. दुसऱ्या तबकड्या लावल्या, तर त्यांच्यात नव्हता. स्पीकर उचलून दुसऱ्या भिंतीला ठेवले. होता. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, घामानं थबथबत बसलो. होता, आणि आता एका गाण्यात नव्हता, त्या बाजूच्या चारही गाण्यांत होता. प्रत्येक ओळीनंतर. म्हातारा थांबला की बांगड्या सरकायच्या, जसा कोणी हात उचलला आहे. आणि आठवड्याभरानं त्याच्या मागोमाग श्वास आला. गाण्याच्या आधी माणूस घेतो तो.

गेली वीस वर्षं मी भानामतीच्या बातम्या उघड्या पाडल्या आहेत. एका गावात आपोआप पेटणारे कपडे पेटवणारी सून मी शोधून काढली आणि ती का पेटवते तेही छापलं. त्यामुळे या श्वासाचा मला राग आला. भीती नंतर आली.

सरांना घेऊन आलो. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं, खुर्ची ओढून स्पीकरला चिकटून बसले आणि दोन्ही तळवे लाकडावर टेकले. आताशा ते असंच ऐकतात. डोळे मिटून ते मात्रा मोजू लागले. म्हाताऱ्यानं ओळ म्हटली तशी त्यांची बोटं डोलली. ओळ संपली. गिटार सुरू झाली.

सरांनी डावा हात झटक्यानं मागं घेतला. उजवा तिथंच राहिला.

"काय झालं, सर?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

त्यांनी आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. मग मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं म्हणाले, "पासष्ट वर्षं ही तबकडी माझ्याकडे होती, भागवत. म्हातारा एकटाच होता. आता त्याच्या समोर कोणीतरी बसलंय."

४

पुढच्या रविवारी पूजा आली. तिशीतली, आरोग्य सेविकेची निळी साडी, खांद्याला पर्स. मी तिला ओळखत नव्हतो. ती मला ओळखत होती.

"पेपरवाले भागवत काका तुमीच ना? मी थावराची पोरगी. डोंगरकड्याच्या पुढं आमचा तांडा है."

मला थावरा आठवेना. तिनं पर्समधून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कात्रण काढलं. चार ओळी. 'विहिरीच्या खोदकामात दरड कोसळून मजूर ठार. थावरा (वय अंदाजे ४०)...' माझीच बातमी. मे १९९४.

"सव्वीसचा होता माझा बाप," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "इथं चाळीस लिवलंय."

"छापताना चूक झाली असेल," मी म्हणालो.

खरं तर छापणाऱ्यानं मी लिहिलं तेच छापलं होतं.

"जाऊ द्या. मी त्याच्यासाठी न्हाई आले. मी आजीसाठी आले. नानीबाई. माज्या बापाची आई. ती वारली, वीस एप्रिलला."

नर्मदा चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. माझ्या वहीत बांगड्या पहिल्यांदा वाजल्याची नोंद एकवीस एप्रिलची होती.

पूजानं सांगितलं ते असं. त्यांच्यात दुःख झालं की बाई दुसरीच्या गळ्यात पडते आणि गाण्यातच रडते. एक ओळ म्हणते आणि थांबते. जिच्या गळ्यात पडली तिनं ती ओळ परत द्यायची. मग पहिलीला पुढची ओळ सुचते. लग्नात नवरी निघाली तरी हीच रीत. नानीबाईला अशी गाणी शेकड्यानं यायची. पाच तांड्यांतून तिला बोलावणं असायचं.

"पण माजा बाप गेला त्या दिवसापासून ती गायली न्हाई. एकदा बी न्हाई. माज्या लग्नात बी तोंड मिटून बसली. मी म्हणायचे, काहून गं आजी? तर म्हणायची, ओळ अडकली माय. माजा आवाज त्या पेपरवाल्याच्या डब्यात ऱ्हायला."

"डब्यात?"

"तुमच्या खिशात टेपरिकॉर्डर होता म्हणे. लाल लाइट लागलेला. जायच्या आधी मला म्हणली, त्याच्याकडून मागून आण." तिनं कप खाली ठेवला. "काका, बापाला मी पाहिलं न्हाई, मी दोन महिन्यांची होते. त्याचं काही न्हाई, त्याचा फोटू तरी है. पण हिच्यासंगं एकतीस वर्षं ऱ्हायले अन् हिचं गाणं कसं असतं ते मला म्हाईत न्हाई. तेवढी कॅसेट द्या. मी मोबाइलमध्ये भरून घेते, तुमची तुमाला परत."

मला त्या क्षणी सगळं आठवलं होतं. कॅसेटचं काय झालं तेही आठवलं होतं.

"आहे," मी म्हणालो. "ट्रंकेत शोधावी लागेल. पुढच्या रविवारी ये."

भ्रष्ट ग्रामसेवकांपासून मंत्र्यांपर्यंत अनेकांना मी तोंडावर खोटारडा म्हटलं आहे. त्यांच्यातला एकही माझ्याइतक्या सहज खोटं बोलला नव्हता.

५

हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातला तालुका होता. बातमी फोननं जायची नाही. कागद पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, नांदेडला कार्यालयाचा माणूस उतरवून घ्यायचा. त्या दिवशी वारंगा फाट्यावरून बारा वीसची गाडी होती. ती चुकली की बातमी दुसऱ्या दिवशी शिळी.

मी तांड्यावर पोचलो तेव्हा पुरुष पंचनाम्यासाठी विहिरीवर होते आणि बाया थावराच्या बायकोला आणायला तिच्या माहेरी गेल्या होत्या. बाजेवर चिखलानं माखलेला देह होता. चिखलात वय कळत नाही. मी खिशातल्या टेपरिकॉर्डरचं बटण दाबलं आणि झोपडीतून नानीबाई बाहेर आली.

तिला दुसरं कोणी दिसलं नाही. ती माझ्या गळ्यात पडली.

तिनं एक ओळ म्हटली आणि थांबली. मी उभा राहिलो. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली आणि थांबली. तिच्या बांगड्या माझ्या मानेवर गार लागत होत्या. आयुष्यात एवढा मोठा आवाज मी इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता, आणि तरी मी तिच्या खांद्यावरून घड्याळ पाहिलं. बाराला दहा कमी. तिनं तिसऱ्यांदा तीच ओळ म्हटली. ती थांबली तेव्हा मी त्या मोकळ्या जागेत विचारलं, "वय किती होतं?"

तिनं हात काढून घेतले. माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

मी 'अंदाजे ४०' लिहिलं आणि गाडी पकडली.

पूजा गेल्यावर ट्रंक उघडली. कॅसेट सापडली. लेबलवर 'थावरा, विहीर' लिहून खोडलेलं आणि वर 'पालकमंत्री, सभा'. आठवडाभरानं मंत्री आले होते आणि माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. आम्ही सगळेच तसं करायचो. बातमी गेली की टेप पुसायची.

तरी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मंत्री बोलत होते. अधूनमधून टाळ्या होत्या.

६

सोमवारी दुपारी तबकडीवर ती गायली.

म्हाताऱ्यानं पहिली ओळ टाकली. तो थांबला. बांगड्या सरकल्या, श्वास आला, आणि गिटार चक्क बाजूला झाली, जशी पंगतीत कोणी सरकून जागा देतं. मग तीच ओळ. तांड्यावरची. एकतीस वर्षांनी मी ती लगेच ओळखली.

अंगावर काटा होता, हात खुर्चीला चिकटले होते, हे सगळं खरं आहे. पण जे ऐकलं ते थोर होतं, हेही मला लिहिलंच पाहिजे. दोन म्हातारी माणसं, एकमेकांची भाषा येत नाही, मध्ये अख्खा समुद्र, आणि एकाचंही दुसऱ्यामुळे अडत नव्हतं. तो आपलं सांगायचा, ती आपलं. फरक एवढाच, की त्याची ओळ पुढे जायची. तिची तीच यायची. कडव्यामागून कडवं तीच ओळ, आणि प्रत्येक वेळी शेवटी वाट बघणारी शांतता.

तिसऱ्या गाण्यात, म्हाताऱ्याच्या दुसऱ्या ओळीनंतर, ती थांबली. त्या शांततेत एक पुरुष मराठीत बोलला. तरुण, घाईतला.

"वय किती होतं?"

माझाच आवाज. माझ्या जन्माच्या आधी घडवलेल्या तबकडीवर.

त्यानंतर तबकडी संपेपर्यंत ती गायली नाही. म्हाताऱ्यानं ओळी टाकल्या. गिटारही वाजली नाही. ओळींनंतर नुसती तबकडी फिरत राहिली.

मंगळवार ते शनिवार, रोज दोन वाजता, हेच. मी रोज लावायचो. नर्मदा म्हणायची, "काहून लावून राहिले? तकलीफ होती तर ठेवा की उचलून." पण तीही दाराशी उभी राहून ऐकायची, पदर तोंडाशी धरून.

७

रविवारी पूजानं आल्याआल्या मोबाइल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हणाली, "लावा काका."

"कॅसेट नाही," मी म्हणालो. "म्हणजे आहे. तिच्यावर तिचा आवाज नाही."

"म्हंजे?"

"पुसला मी. त्याच आठवड्यात."

"काहून?"

"मंत्र्यांचं भाषण घ्यायचं होतं."

"काय म्हणले होते मंत्री?"

"आठवत नाही."

"अन् चाळीस? ते छापणाऱ्यानं केलं?"

"नाही. मी."

ती उठली. पर्स खांद्याला लावली. मी तिला थांबवायला धजलो नाही. नर्मदेनं तिचा हात धरला. "बस गं लेकरा. ह्यांचं खोटं ऐकलंस, आता एक खरं ऐकून जा. मग घाल काय शिव्या घालायच्या त्या, मी बी घालते संगं."

मी सुई टेकवली. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला.

म्हाताऱ्यानं ओळ टाकली. बांगड्या. श्वास. आणि नानीबाई.

पूजा उभीच होती. ओळ संपली तशी तिनं ती परत दिली, जशी पोटातून आली तशी. मी सुटकेचा श्वास टाकला. आता पुढची ओळ येईल.

आली तीच. पुन्हा तीच.

पूजानं परत दिली. पुन्हा तीच ओळ आली, जरा अधिक जवळून. स्पीकर माझ्या समोर होते. आवाज आता समोरून येत नव्हता.

पूजा वळली. माझ्याकडे नाही, माझ्या मागं पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मला न्हाई मागून राहिली, काका. तुमच्या गळ्यात पडली होती ना? तुमी द्या."

"मला तुमची बोली येत नाही."

"म्हणा तर."

माझ्या खुर्चीसमोर काचेचं कपाट आहे. आत माझी स्मृतिचिन्हं मांडलेली आहेत: निर्भीड पत्रकार, शोधपत्रकार, जीवनगौरव. त्या काचेत मी मला पाहिलं. आणि माझ्या मानेभोवती दोन हात पाहिले, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पांढरे. त्यांच्या मागं काय होतं ते मी पाहिलं नाही. सदऱ्याची कॉलर दबली. मान गार पडली.

म्हाताऱ्यानं दुसरी ओळ टाकली. पुढची मोकळी जागा माझ्या प्रश्नाची होती. तो यायच्या आत मी तोंड उघडलं आणि ती ओळ परत दिली. बेसूर, मोडकी, अर्थ न कळता.

मानेवरची पकड थोडी सैल झाली. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुसरी ओळ आली.

मी तीही दिली. मग तिसरी. ते गाणं तीन मिनिटांचं आहे. मी सुई उचलली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. सुरू केलं तेव्हा सव्वादोन होते. मधल्या पन्नास मिनिटांत मी एवढंच पाहिलं, की नर्मदा जमिनीवर बसून रडत होती आणि खोलीत आम्ही तिघंच असताना पूजा कोणाला तरी जागा करून देत भिंतीला टेकली होती.

८

मोबाइलमध्ये सगळं उतरलं होतं. नानीबाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, स्वच्छ, जशी समोर बसली आहे. पूजानं दाराशी उभं राहूनच ऐकलं. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतकी ती खुश होती.

मग तिच्या कपाळाला आठी पडली. "काका, तुमी कुठं हैत?"

प्रत्येक ओळीनंतर मोकळी जागा होती. तिच्यात कोणी नव्हतं.

"तुमी तर म्हणत होता. म्या ऐकलं की ह्या कानांनी."

"मशीनचं काहीतरी असेल," मी म्हणालो. ती पाया पडायला वाकली, मी पाय मागं घेतले. आता ती तांड्यावर पोरींना ही गाणी शिकवते. गेल्या लग्नात सतरा जणींनी ओळ परत दिली म्हणे.

त्या संध्याकाळी पुण्याहून आमच्या पुनमचा फोन आला. "हॅलो? बाबा? आवाज येत नाहीये." मी ओरडलो. "हॅलो? आईला द्या बरं." नर्मदेनं तोच फोन घेतला आणि दोघी अर्धा तास बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. मी सांगायला लागलो तर त्यांनी कानातलं यंत्र काढलं, झटकलं, परत घातलं. "बॅटरी गेली वाटतं." त्यांची सून आतून म्हणाली, कालच बदलली. तिचं त्यांना ऐकू आलं. माझं नाही. शेवटी त्यांनी यंत्र काढलं आणि मी उघड्या कानात ओरडून सगळं सांगितलं. सरांनी यंत्र परत कानात घातलं. मग म्हणाले, "तिनं बरोबर घेतलं. आवाजाच्या बदल्यात आवाज."

माझंही तेच म्हणणं आहे. मी कोणाविरुद्ध तक्रार करत नाही, आणि तक्रार न करण्याची मला सवय नाही. कुठल्याही फोनमध्ये, माइकमध्ये, टेपमध्ये मी उरलेलो नाही. जुन्या कॅसेटी लावून पाहिल्या. मंत्री बोलतात, मग गप्प राहतात, मग मी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात. म्हणून हे लिहून देतो आहे. खात्री करायची असेल त्यांनी फोन करू नये, घरी यावं.

एकच ठिकाण राहिलं आहे. दुसरी बाजू, तिसरं गाणं. नानीबाई आता तिथं येत नाही, तिचं काम झालं. रोज दुपारी मी सुई टेकवतो. म्हातारा दुसरी ओळ टाकतो, त्याच थोर, चिरकलेल्या आवाजात, आणि थांबतो. गिटार सरकून जागा देते. आणि त्या जागेतून मी विचारतो, सदतीस वर्षांचा, घाईत, घड्याळाकडे बघत:

"वय किती होतं?"

ज्याला विचारलं त्यानं परत द्यायचं असतं. दिलं नाही तर मान गार पडते. मी खुर्चीत ताठ बसतो आणि नीट, छापता येईल असं सांगतो.

"सव्वीस."